ग्रंथपाल बाई निवृत्त झाल्यावर वाचनालय स्वयंसेवकांवर सोपवावं का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. ठाणे पूर्वेला, कोपरीत आमचं जुनं शासनमान्य, अनुदानित वाचनालय आहे. तळमजल्यावर दोन खोल्या, सुमारे ९ हजार पुस्तकं, २६० सभासद, वर्गणी महिना ५० रुपये, अनामत ३०० रुपये. सोमवार सोडून रोज सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ९ उघडं असतं. आमच्या ग्रंथपाल बाई येत्या ३१ मार्चला निवृत्त होतायत. त्यांना महिना ९ हजार देतो, आणि अनुदानाचा हप्ता लांबला की तेही रखडतं. कार्यकारिणीत बहुतेकांचं मत पडतंय की नवीन माणूस नेमूच नये. परिसरातले १४ जण, काही निवृत्त मंडळी आणि काही कॉलेजची मुलं, आठवड्याला दोन-दोन तास द्यायला तयार आहेत. एक सहकारी म्हणतात, "ठाण्यातली जुनी ग्रंथालयं बिनपगारी माणसांनीच उभी केली ना?" आतल्या खोलीत अभ्यासिका काढून जागेमागे ५०० रुपये घ्यावेत, असाही प्रस्ताव आहे. देणगीत आलेली सात-आठशे पुस्तकं गोण्यांत पडून आहेत ती वेगळीच. मला मात्र हे सगळं जमेलसं वाटत नाही. काय करावं?
— कार्यकारिणी सदस्य, कोपरी

उत्तर : पद रिकामं ठेवू नका. १४ माणसं स्वतःहून वेळ देतायत, ही आजच्या ठाण्यात सहज मिळणारी गोष्ट नाही, त्यामुळे त्यांनाही परत पाठवू नका. ग्रंथपाल आधी नेमा आणि स्वयंसेवकांची कामं त्याच्या किंवा तिच्या भोवती बांधा. कार्यकारिणीत हे पटवायचं तर भावनेपेक्षा आकडे कामाला येतील, म्हणून तिथूनच सुरू करू.

तुमचं वाचनालय रोज सात तास, आठवड्याचे सहा दिवस उघडं असतं, म्हणजे ४२ तास. स्वयंसेवकांवर चालवायचं तर एका वेळी किमान दोघं लागतात: एक देवघेवीच्या टेबलावर आणि एक कपाटांपाशी. एकटा माणूस टेबल सोडून उठला की पैशाचा गल्ला आणि दार दोन्ही उघडे पडतात. म्हणजे आठवड्याला ८४ मनुष्यतास. तुमच्याकडे आहेत १४ गुणिले २, म्हणजे २८. एक तृतीयांश. ती एक तृतीयांशही वर्षभर टिकत नाही. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुलांच्या परीक्षा, गणपतीत गावाला जाणं, उन्हाळ्यात ज्येष्ठांचं मुलांकडे बंगळुरूला नाहीतर अमेरिकेला जाणं. यात कोणाचा दोष नाही, पण उघडण्याची वेळ हुकली की सभासद दोन वेळा परत जातो आणि तिसऱ्यांदा येत नाही.

आता हेच गणित ग्रंथपाल धरून करा. सकाळचे तीन तास तुलनेनं निवांत असतात. तेवढा वेळ ग्रंथपाल एकट्यानं सांभाळू शकतो. गर्दी संध्याकाळी. तेव्हा दुसरी खुर्ची हवी: सहा दिवस गुणिले चार तास, म्हणजे २४ तास, म्हणजे दोन-दोन तासांच्या १२ पाळ्या. तुमचे १४ जण त्यात बरोबर बसतात आणि दोघं बदली म्हणून राहतात. म्हणजे तुमच्याकडची माणसं कमी नाहीत, त्यांना द्यायचं ठरवलेलं काम चुकीचं आहे.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आठवड्याला ४२ तासांच्या कामाला ९ हजार देऊन तुम्ही इतकी वर्षं चालवलंत, म्हणजे बाईंनी अर्धं काम स्वयंसेवक म्हणूनच केलं आहे. "पगार वाचवू या" म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. त्या रकमेत नवीन प्रशिक्षित माणूस मिळणार नाही, आणि किमान वेतनाच्या खाली कोणाला नेमूही नये. पैशाचं गणित पुढे मांडलं आहे.

सहकाऱ्यांच्या दाखल्याबद्दल. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली वि. ल. भावे आणि त्यांच्या मित्रमंडळींनी पदरमोड करून उभं केलं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, हे खरंच आहे. पण त्या माणसांनी जे बिनपगारी केलं ते कार्यकारिणीचं काम: पैसा उभा करणं, जागा मिळवणं, पुस्तकं मागून आणणं, संस्थेची घटना बांधणं. ते काम तुम्हीही आज बिनपगारीच करता आहात. मोठ्या ग्रंथालयांत रोजची देवघेव आणि नोंदी पगारी सेवकांच्या हाती असतात, ते उगाच नाही. आणखी नेमका दाखला हवा असेल तर बडोद्याचा घ्या. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं, पुढच्याच वर्षी ग्रंथपालांचं प्रशिक्षण सुरू केलं, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. गावातली हौशी माणसं होतीच. त्यांच्या मागे शिकलेला माणूस आणि ठरलेली पद्धत उभी केली म्हणून ते जाळं पसरलं.

ब्रिटनमध्ये २०१०नंतरच्या खर्चकपातीत शेकडो सार्वजनिक ग्रंथालयं स्थानिक स्वयंसेवी गटांकडे गेली. तिथेही अनेक ठिकाणी गटाच्या मागे स्थानिक परिषदेचा (आपल्याकडच्या पालिकेसारख्या संस्थेचा) प्रशिक्षित ग्रंथपाल, सामाईक सॉफ्टवेअर आणि फिरता पुस्तकसाठा ठेवलेला असतो. कोपरीत तुमच्या मागे असं कोणी नाही. जे काही आहे ते तुमच्या दोन खोल्यांतच आहे.

अनुदानाचा मुद्दा कार्यकारिणीत कोणीतरी काढेलच. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७चा. मान्यता आणि अनुदानाचे नियम १९७०चे. दक्षिणेतल्या काही राज्यांसारखा आपल्याकडे ग्रंथालय-कर नाही, त्यामुळे मान्यताप्राप्त वाचनालयाला सरकारी पैसा मिळतो तो अनुदानातूनच. अ, ब, क, ड या वर्गांनुसार पुस्तकं, उघडण्याच्या वेळा आणि सेवक यांच्या अटी आहेत, आणि हिशेबात सेवकवेतन हा वेगळा रकाना असतो. तो रकाना रिकामा ठेवून वार्षिक अहवाल पाठवलात तर तपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येणार. ठराव मांडण्याआधी तुमच्या वर्गाच्या अटींचा कागद जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून लेखी घ्या आणि बैठकीत वाचून दाखवा. बहुतेकदा वाद तिथेच संपतो.

आता कोणी काय करायचं. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदायची वही), वर्गांक (विषयाचा क्रमांक) देणं, खरेदीची यादी, पुस्तक बाद करणं, अनामत आणि रोख रकमेचा हिशेब, अनुदानाची फाइल: हे सहा विषय ग्रंथपालाकडे, दुसऱ्या कोणाचाही हात नको. परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं, कपाटातल्या पुस्तकांचे क्रमांक वाचून क्रम तपासणं, कव्हरं घालणं, वर्तमानपत्रं आणि मासिकं लावणं, शनिवारची मुलांची गोष्टीची वेळ, जिने चढता न येणाऱ्या आजी-आजोबांना घरी पुस्तक पोचवणं: हे स्वयंसेवकांकडे. शेवटचं काम सर्वांत मोलाचं. ग्रंथपाल टेबल सोडून ते करूच शकत नाही, आणि कोपरीच्या जुन्या बिनलिफ्टच्या इमारतींत त्याची गरज किती, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. एका पाळीत पाच घरं पुरेत. पिशवीत प्रत्येक घराला तीन पुस्तकं न्यायची, त्यांनी एक ठेवायचं, उरलेली परत.

जागेवर लावण्याच्या कामात एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. स्वयंसेवकानं पुस्तक कपाटात घालताना ते आडवं, कडेवर ठेवायचं. ग्रंथपाल दिवसाअखेरीस ते बघून उभं करतो. महिनाभरात ज्याच्या चुका थांबतात, त्याला थेट लावू द्यायचं. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हे हरवलेलंच पुस्तक. फरक एवढाच की ते हरवलंय हे कोणाला कळत नाही.

देवघेवीच्या टेबलावर स्वयंसेवक बसवावा का? बसवा, पण एका अटीवर. कोण काय वाचतो हे टेबलाबाहेर जाता कामा नये. मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात टेबलावरचा माणूस अनोळखी असतो. तुमच्याकडे तो शेजारच्या विंगमधला काका असतो. घटस्फोटाच्या कायद्यावरचं, दारू सोडवण्यावरचं, कर्करोगावरचं पुस्तक कोणी नेलं हे दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या गप्पांत आलं, तर तो वाचक पुन्हा येणार नाही, आणि का येत नाही हेही सांगणार नाही. म्हणून स्वयंसेवकाच्या अर्जात हे वाक्य लिहून सही घ्या, आणि सभासदाचं जुनं वाचन दिसेल अशी नोंदवही टेबलावर उघडी ठेवू नका. थकीत पुस्तकांचे फोन ग्रंथपालानंच करावेत. फोनवर पुस्तकाचं नाव घरच्या दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही.

अर्जात आणखी तीनच गोष्टी: ठरलेली पाळी, न येणार असल्यास बदली स्वतः शोधून आदल्या दिवशी कळवणं, आणि तीन महिन्यांची मुदत. मुदत हवीच. मुदत संपली की नूतनीकरण करायचं किंवा आभार मानून मोकळं व्हायचं. त्यामुळे न जमणाऱ्याला बाहेर पडायला सन्मानाची वाट मिळते आणि तुम्हाला कोणाला "येऊ नका" म्हणावं लागत नाही. चाव्या दोनच: एक ग्रंथपालाकडे, एक सचिवांकडे. स्वयंसेवकानं वर्गणी घेतली तर क्रमांक छापलेल्या पावतीशिवाय नाही, आणि त्या संध्याकाळीच पावत्या व रोख जुळवून सही.

कार्यकारिणीतल्या मंडळींना वाटतं की ग्रंथपाल पुस्तकावर शिक्का मारतो आणि वहीत लिहितो, त्यात शिकायचं काय! म्हणून एक पुस्तक दुकानातून कपाटापर्यंत कसं जातं ते जरा जवळून बघू. आधी बिल आणि पुस्तक पडताळायचं, पानं कोरी किंवा उलटी बांधलेली नाहीत ना बघायचं; शिक्का पडला की दुकानदार परत घेत नाही. मग शिक्के: नामपृष्ठाच्या मागे, शेवटच्या पानावर आणि एका ठरावीक गुप्त पानावर. ते पान प्रत्येक ग्रंथालय आपलं ठरवतं आणि सगळ्या पुस्तकांना तेच ठेवतं. नामपृष्ठ फाडून विकलेलं पुस्तक त्यावरून ओळखता येतं. दाखल नोंदवहीत पुढचा क्रमांक, आणि तोच क्रमांक शिक्क्याच्या चौकटीत शाईनं. मग वर्गांक. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. पुठ्ठ्याच्या कण्यावर खालून साधारण एक इंच सोडून लेबल, म्हणजे सगळ्या कपाटात लेबलं एका रेषेत येतात. तारखेची पट्टी फक्त वरच्या कडेला चिकटवायची, भरली की नवी लावता येते. कण्यावर पारदर्शक चिकटपट्टी कधीच नाही. दोन पावसाळ्यांत ती पिवळी पडते आणि निघताना लेबलासकट कापड घेऊन निघते. सगळं धरून एका पुस्तकाला २० ते २५ मिनिटं. वर्षाला ४०० पुस्तकं घेत असाल तर सुमारे दीडशे तासांचं काम, आणि ते देवघेव चालू असताना फटीफटीतून करायचं असतं.

यात नेमकं काय बिघडतं? १४ जणांनी हे केलं तर १४ पद्धतींनी होतं. आपल्याकडे कुलकर्णी, जोशी, देशपांडे आडनावाचे लेखक डझनांनी. एकानं आडनाव आधी लिहिलं, दुसऱ्यानं पाळण्यातलं नाव, तर एकाच लेखकाची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरतात. अकारविल्हे लावताना क्षीरसागर 'क'मध्ये जाणार की 'ह'नंतर? ज्ञानेश्वर 'ज'मध्ये की सगळ्यात शेवटी? दोन्ही पद्धती चालतात, पण एका कपाटात एकच चालते. बाईंनी वीस-पंचवीस अशा गोष्टी कधीतरी ठरवल्या असतील आणि त्या फक्त त्यांच्या डोक्यात असतील. आत्ताच एक दोनशेपानी वही घ्या आणि त्यांच्याकडून हे ठरावीक नियम लिहून घ्या. वर्गांकात त्यांनी कुठे सोयीनं बदल केलेत, चरित्रं विषयाखाली ठेवलीत की वेगळी, जोडग्रंथांना क्रमांक कसे दिलेत, बांधणीला गेलेली पुस्तकं कुठे लिहितात, कोणत्या सभासदाची अनामत जुन्या दरानं आहे. शंभर पानं भरली तरी चालतील.

बाईंच्या निवृत्तीची तारीख मात्र वाईट पडली आहे. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं; लेखापरीक्षण आणि वार्षिक अहवाल हे त्यानंतरचं काम. त्यांची तयारी असेल तर मेअखेरपर्यंत पूर्ण मोबदल्यावर थांबवा, आणि नवीन माणूस १ मार्चला रुजू करा. तीन महिने दोघं एकत्र. तीन महिन्यांचा दुहेरी खर्च जास्त वाटेल, पण नंतर अनुदानाची जुनी फाइल उलगडत बसण्यापेक्षा स्वस्त.

पुस्तकांची मोजणी बाई असतानाच, जानेवारीत करा. हे काम स्वयंसेवकांसाठीच आहे. दोघांची एक जोडी: एक जण पुस्तक उघडून दाखल क्रमांक वाचतो, दुसरा लिहितो. तासाला १५० पुस्तकं आरामात होतात. ९ हजारांना ६० जोडी-तास. पाच जोड्या रोज दोन तास बसल्या तर सहा दिवस. त्या आठवड्यात देवघेव बंद, फक्त परतावा चालू, आणि तशी पाटी पंधरा दिवस आधी लावा. चूक होते ती इथे: लोक नोंदवही उघडून खुणा करायला बसतात. नोंदवही दाखल क्रमांकाच्या क्रमानं, कपाट विषयाच्या क्रमानं. प्रत्येक पुस्तकाला पानं उलटत बसावं लागतं, आणि नोंदवही एकच असल्यानं चार जोड्या रिकाम्या. त्याऐवजी प्रत्येक जोडीनं आपापल्या कागदावर किंवा मोबाइलवरच्या तक्त्यात नुसते क्रमांक उतरवायचे, मग सगळे एकत्र करून चढत्या क्रमानं लावायचे. मधले सुटलेले क्रमांक म्हणजे बाहेर असलेली, बांधणीला गेलेली, आधीच बाद केलेली किंवा खरोखर गहाळ पुस्तकं. ज्यांची नोंद कुठेच सापडत नाही ती महिन्यानं पुन्हा शोधायची; बरीचशी दुसऱ्या फळीवर सापडतात. उरलेली कार्यकारिणीच्या ठरावानं बाद. बाद झालेला क्रमांक नव्या पुस्तकाला परत द्यायचा नाही. तोच क्रमांक दोन पुस्तकांवर आढळला तर एकाला नवा क्रमांक देऊन दोन्हीकडे शेरा लिहा.

मोजणीच्या निमित्तानं यादी संगणकावर घ्यायची असेल तर सॉफ्टवेअरचा मोह पहिल्या वर्षी नको. कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण ते चालवायला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. ज्या मुलानं बसवून दिलं तो पुण्याला नोकरीला गेला की सगळं ठप्प. साधा तक्ता करा: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत, कुठून आलं, वर्गांक, शेरा. मराठी युनिकोडमध्येच टाइप करायचं. जुन्या श्रीलिपी वगैरे फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हं दाखवते आणि पुढे कुठल्याच प्रणालीत घेता येत नाही. लेखकाची नावं एकदा ठरवून यादीतून निवडायची, दर वेळी हातानं नाही; नाहीतर 'शंतनु' आणि 'शंतनू' असे दोन लेखक तयार होतात. नोंद स्वयंसेवकानं केली तरी तपासणारा एकच.

देणगीच्या गोण्या उघडायला फार वेळ लागणार नाही. जुनी पाठ्यपुस्तकं, कालबाह्य स्पर्धापरीक्षा-मार्गदर्शकं, सुटी मासिकं, बुरशी आलेलं किंवा कसर लागलेलं काहीही: सरळ रद्दीत. एक कसर लागलेलं पुस्तक कपाटात गेलं तर शेजारची पुस्तकंही धोक्यात येतात. उरलेल्यांत आपल्याकडे आधीच दोन प्रती आहेत का बघा. राहतील ती दाखल करा. पुढे देणगी घेताना चिठ्ठीवर छापा: 'पुस्तक ठेवायचं, दुसऱ्या संस्थेला द्यायचं की बाद करायचं, हे ग्रंथालय ठरवेल.' त्यावर सही नसेल तर गोणी दारातच थांबवा. लोक रागावतात. रागावू द्या.

अभ्यासिकेच्या प्रस्तावाला आमचा विरोध नाही, पण काळजीनं. ठाण्यात स्पर्धापरीक्षेच्या मुलांना बसायला जागा हवी आहे, हे खरं. धोका असा की बसायच्या जागांचं उत्पन्न दर महिन्याला दिसतं आणि कपाटाचं दिसत नाही. मग कपाटं हळूहळू भिंतीकडे सरकतात, वर्तमानपत्रांचं टेबल जातं, आणि वाचनालय नावालाच उरतं. म्हणून ठरावातच लिहा: आतल्या खोलीत जास्तीत जास्त इतक्या जागा, बाहेरच्या खोलीला हात लावायचा नाही, हिशेब वेगळा. माणशी साधारण २० ते २५ चौरस फूट धरलं, येण्याजाण्याची वाट सोडून, तर खोलीत किती बसतात ते काढा. समजा २० जागा बसल्या. ५०० रुपयांनी १० हजार. त्यातून वीज, पंखे, सफाई, पिण्याचं पाणी यांना ४ हजार धरा. ६ हजार उरतात.

वर्गणी ५० वरून ८० करा. वीसेक जण सोडतील असं धरून २४० सभासदांचे १९,२०० होतात. आत्ता १३ हजार येतात. ६,२०० वाढले. आताचे ९ हजार, वर्गणीचे ६,२००, अभ्यासिकेचे ६ हजार: महिना २१,२०० पगारासाठी उभे राहतात, आणि अनुदानाचा हप्ता लांबला तरी त्यातले १२,२०० लांबत नाहीत. अनामतीचे ७८ हजार यात धरू नका. ते सभासदांचे आहेत, स्वतंत्र खात्यात हवेत. अनेक वाचनालयं इथेच अडकतात: अनामत पुस्तकांवर खर्च होते आणि घर बदलून जाणाऱ्या सभासदाला परत द्यायला पैसे नसतात. पुस्तकखरेदीला आधार म्हणून कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत. अर्ज ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो, आणि तो नीट भरणं हे पुन्हा ग्रंथपालाचंच काम.

तळमजला आणि खाडी जवळ, म्हणून थोडं पावसाळ्याबद्दल. जून ते सप्टेंबर सर्वांत खालची फळी रिकामी ठेवा. कपाटं भिंतीपासून चार-सहा इंच पुढे. पुस्तकं भिजलीच तर पहिल्या ४८ तासांत वाळवायला घ्या, त्यानंतर बुरशी धरते. उभी करून पानं पंख्यासारखी उघडायची, मध्ये कोरा कागद, पंखा लावायचा. उन्हात नाही, बांधणी वाकते. गुळगुळीत चित्रांच्या कागदाची पुस्तकं आधी घ्या, ती एकदा चिकटली की सुटत नाहीत.

नेमणुकीसाठी जाहिरात दिवाळीआधी द्या. बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालेला उमेदवार मिळाला तर उत्तम. जिल्हा ग्रंथालय संघामार्फत चालणारा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला आणि एखाद्या वाचनालयात काम केलेला माणूसही तुमच्या आकाराच्या संस्थेला चालेल. मुलाखतीत गोणीतली दहा पुस्तकं टेबलावर ठेवा आणि अर्ध्या तासात वर्गांक देऊन लावायला सांगा. त्यात एक लहान मुलांचं, एक आत्मचरित्र आणि एक अनुवाद असू द्या. मग कोणाला तरी वाचक म्हणून एक प्रश्न विचारायला लावा: "आजोबांना डोळ्यांचा त्रास आहे, मोठ्या अक्षरातलं काही आहे का?" उठून कपाटाकडे जातो की बसल्या जागी "नाही" म्हणतो, एवढं बघा. १४ स्वयंसेवकांतल्या एखाद्याला रस असेल तर प्रमाणपत्राची फी संस्थेनं भरावी. ग्रंथपाल आजारी पडला, बाळंतपणाच्या रजेवर गेली किंवा सोडून गेली, तर मधले महिने सांभाळणारं माणूस तयार राहील. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.लिब. नोकरी सांभाळून करता येतो, तेही नव्या माणसाला नेमणूकपत्र देतानाच सांगून ठेवा.